निकॉनची जुनी २४ मिमी सोनी बॉडीवर: कोपरे पुसट येताहेत, दोष ॲडॅप्टरचा की सेन्सरचा?

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे निकॉन एफ-माउंटच्या दोन मॅन्युअल लेन्सेस आहेत: ५० मिमी एफ/१.८ आणि २४ मिमी एफ/२.८, दोन्ही एआय-एस मालिकेतल्या. सोनीच्या ई-माउंट फुल-फ्रेम मिररलेसवर साधा, बिनकाचेचा ॲडॅप्टर लावून वापरतोय. ५० वर बेहद्द खूश आहे. २४ मात्र छळतेय. लांबचं दृश्य, ॲपर्चर एफ/५.६, मधला भाग एकदम कातीव आणि चारही कोपरे सारखेच पुसट. फिल्म बॉडीवर हीच लेन्स असं करत नव्हती.

शिवाय फोकसची रिंग इन्फिनिटीच्या (अनंत अंतराच्या) खुणेवर नेली की लांबचं सगळं धूसर होतं. स्क्रीनवर मोठं करून पाहिलं, तर २४ ची रिंग चार मीटरच्या आसपास असताना क्षितिज स्पष्ट दिसतं, ५० ची मात्र इन्फिनिटीच्या किंचित अलीकडे.

एफ-माउंटचं फ्लँज अंतर (लेन्स बसते त्या कड्यापासून सेन्सर किंवा फिल्मपर्यंतचं) ४६.५ मिमी, ई-माउंटचं १८. म्हणजे ॲडॅप्टर २८.५ मिमी जाड हवा. व्हर्नियरने चार ठिकाणी मोजला, सगळीकडे २८.३५ भरला.

ॲडॅप्टर जरा पातळ असलेला बराच, असं सगळे म्हणतात. मग कोपऱ्यांचा याच्याशी संबंध असेल का? की सेन्सरवरच्या काचेमुळे होतंय? जाणकारांनी कृपया सांगावं, नवीन ॲडॅप्टर घ्यायचा की नाही ते त्यावर ठरवेन.

प्रतिसाद:
सेन्सरच्या काचेचा त्रास मुख्यतः रेंजफाइंडरच्या (आरसा नसलेल्या जुन्या फिल्म कॅमेऱ्यांच्या) वाइड लेन्सना होतो. त्यांची मागची काच सेन्सरला अगदी खेटून असते, त्यामुळे कडेचे किरण फार तिरके पडतात. तुमच्यासारख्या एसएलआरच्या (आरशाच्या कॅमेऱ्याच्या) लेन्सला आरशापुरती जागा सोडावीच लागते, म्हणून तिला तो त्रास कमी.

मला दोष जाडीतच दिसतो. ॲडॅप्टर पातळ, म्हणून लेन्स सेन्सरच्या जरा जास्त जवळ बसते आणि क्षितिज चार मीटरच्या खुणेवरच स्पष्ट होतं. तुमच्या २४ मध्ये सीआरसी आहे, म्हणजे रिंग फिरवली की आतल्या काचांमधलं अंतरही बदलतं. तुम्ही टिपताय क्षितिज, पण आतली मांडणी चार मीटरवरच्या विषयासाठीची. मध्यभागी ते खपून जातं, कोपऱ्यांत उघडं पडतं. ५० मध्ये सगळ्या काचा एकत्रच पुढेमागे सरकतात, म्हणून तिला फरक पडत नाही.

चारही ठिकाणी माप सारखं आलंय, म्हणजे ॲडॅप्टर तिरका नाही. तेव्हा नवीन घेऊ नका. लेन्सच्या बाजूची रिंग स्क्रूंनी बसवलेली असेल, तर ती काढून खाली ०.१ मिमीची शिम (जाडी भरून काढणारी पातळ चकती) घाला. पूर्ण ०.१५ भरायला जाऊ नका. जाडी केसभर जरी जास्त झाली तरी इन्फिनिटी हातची जाईल, आणि ते आत्ताच्या दुखण्यापेक्षा वाईट.

धागाकर्ता:
मनापासून आभार! शिम घातली. क्षितिज आता दहा मीटरच्या पुढे स्पष्ट होतंय आणि एफ/५.६ ला कोपऱ्यातल्या झाडांची पानं सुटी दिसताहेत. एफ/२.८ ला कोपरे अजून थोडे मऊ आहेत, ते लेन्सचंच समजू का?

प्रतिसाद:
हो. एवढ्या वाइड जुन्या लेन्सला पूर्ण उघड्या ॲपर्चरवर तेवढं चालायचंच. आणि बॉडीतल्या स्टॅबिलायझेशनला (हात हलल्याचा परिणाम कमी करणारी सोय) फोकल लेंग्थ म्हणून २४ हा आकडा हाताने भरा, लेन्स बदलली की ५०. चिप नसल्याने कॅमेऱ्याला ते आपोआप कळत नाही.