आईच्या शुगरसाठी मेथी, कारलं, जांभूळ बी, गुडमार: काय द्यावं, काय नको?

प्राजक्ता_चिपळूण
नमस्कार मंडळी. आई ६१ वर्षांची, शुगर बरीच वर्षं आहे. दोन वेळा मेटफॉर्मिन आणि सकाळी न्याहारीआधी ग्लिमेपिराइड. परवा एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर) ८.४ आलं. डॉक्टरांनी तिसरी गोळी लिहून दिली आणि आई अडूनच बसली: "गोळ्यांनी किडनी जाते, मला आता झाडपाल्याचंच द्या." शेजारच्या काकू जांभळाच्या बियांचं चूर्ण ठेवून गेल्यात. मामी म्हणते, रोज सकाळी दुधी-कारल्याचा रस दे. भावाने गुडमारच्या गोळ्या मागवल्यात. शिवाय आठवडी बाजारातून काळपट चूर्णाच्या पुड्या आल्यात, "तीन महिन्यांत सगळ्या गोळ्या सुटतील" या बोलीवर. आईचं मन मोडायचं नाहीये, पण जिवाशी खेळही नको. घरात कुणी हे केलं असेल किंवा या विषयातलं कळत असेल, तर कृपया सांगा.

दत्ता_औषधवाले
ताई, आधी त्या पुड्या बाजूला ठेवा. बाकीचं नंतर बोलू. माझं औषधांचं दुकान आहे, लोक अशा पुड्या मला दाखवायला आणतात. पुडीवर नाव नाही, घटक नाहीत, परवाना क्रमांक नाही, बॅच नाही. अशा चूर्णांमध्ये ग्लिबेनक्लामाइडसारखी शुगर उतरवणारी ॲलोपॅथीची गोळी कुटून मिसळलेली तपासण्यांत सापडलेली आहे. मग शुगर झटक्यात उतरते आणि माणसाला वाटतं झाडपाल्याचा गुण आला. तुमच्या आईच्या पोटात ग्लिमेपिराइड आधीच आहे, त्यावर हे पडलं तर शुगर कुठे जाऊन थांबेल सांगता येत नाही. काही चूर्णांत शिसंही निघालंय. आणि मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करणं १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याने गुन्हा आहे. हे आईंना आवर्जून सांगा.

किडनीचं म्हणाल तर ती खराब होते वर्षानुवर्षं चढलेल्या शुगरने आणि बीपीने. किडनी आधीच कमजोर असेल तर मेटफॉर्मिनचा डोस कमी करतात किंवा थांबवतात, त्यावरून हा समज पसरलाय. रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासून घ्या. रिपोर्ट चांगला आला तर आईंची भीती त्यानेच जाईल.

सुनील_डोंबिवली
कारल्याच्या रसाबद्दल आमच्या घरचं सांगतो. वडील ग्लिमेपिराइडवर होते, जोडीला रोज पेलाभर कारल्याचा रस. आषाढीचा उपवास, सकाळी गोळी घेतली, रस घेतला, आणि फराळाला उशीर झाला. देवघरासमोर बसल्या बसल्या त्यांचा सदरा घामाने चिंब झाला, हात थरथरायला लागले, बोलणं असंबद्ध. आईला वाटलं बीपी वाढलं. वहिनीने मीटर लावलं तर शुगर ४८, म्हणजे फारच खाली. तीन चमचे साखर पाण्यात कालवून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली, मग भरवलं आणि दवाखान्यात नेलं. ग्लिमेपिराइडचा असर बराच वेळ टिकतो, त्यामुळे एकदा शुगर वर आली म्हणून निर्धास्त होऊ नका असं तिथे सांगितलं. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

वैद्य_मीनल
प्राजक्ता, मी आयुर्वेदाची वैद्य आहे आणि मधुमेहाचे रुग्ण रोज बघते. आईची गोळी बंद करू नकोस. माझ्या शास्त्राचा मान राखूनच हे सांगते आहे.

सुश्रुतांनी प्रमेहाचे (ज्या आजारांच्या गटात मधुमेह येतो त्याचे) वीस प्रकार सांगितले. एक जन्मजात, दुसरा अपथ्यातून होणारा, असा भेदही केला. स्थूल रुग्णाची चिकित्सा वेगळी आणि कृश रुग्णाची वेगळी, हे तर चरकांपासून चालत आलंय. तेव्हा एकच पुडी सगळ्या गावाला वाटणारा माणूस आयुर्वेद करत नाहीये. आणि आहार-व्यायाम हा आमच्याकडे चिकित्सेचा पाया आहे, तो सोडून चूर्णाला काही अर्थ नाही.

आता तुझ्या यादीतलं. मेथी अवश्य दे. चमचाभर दाणे रात्री भिजवायचे आणि सकाळी चावून खायचे. भिजल्यावर जो बुळबुळीतपणा येतो तो तंतुमय पदार्थाचा. त्याने जेवणातली साखर रक्तात सावकाश उतरते. फरक पडतो, पण थोडा. इतर गोळ्यांपासून तास-दोन तास लांब ठेव, कारण तो चिकटपणा औषधालाही अडवू शकतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

कारलं भाजीत खुशाल खाऊ दे. रसाचं सुनील यांनी सांगितलंच. २०१२ च्या कॉक्रेन आढाव्यात (यात आधी झालेले अभ्यास एकत्र करून पारखतात) कारल्याने शुगर उतरते असं म्हणायला पुरेसा पुरावा मिळाला नव्हता. दुधी-कारल्याचा एकत्र रस मात्र अजिबात नको, मामींना निक्षून सांग. कडू निघालेल्या दुधीत विषारी द्रव्य असतं, आणि कारल्यात मिसळल्यावर दुधी कडू होती हे जिभेला कळतच नाही. २०१० मध्ये दिल्लीत एका मधुमेही शास्त्रज्ञाचा हा रस पिऊन मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीने कडू लागणारा दुधीचा रस पिऊ नका आणि दुधीचा रस दुसऱ्या रसात मिसळू नका असं बजावलं.

जांभूळ बीचं चूर्ण परंपरेत आहे, माणसांवरचा पुरावा तोकडा आहे. काकूंनी स्वच्छ वाळवून घरी दळलं असेल तर अर्धा चमचा चालेल, पण त्यावर भरवसा ठेवून जेवणात सूट नको. गुडमारची गंमत तुम्ही घरी बघू शकता. ताजं पान चावून साखर तोंडात टाकली तर वाळू खाल्ल्यासारखी लागते, गोड चव काही वेळ लागतच नाही. गोडाचा मोह आवरायला हे चांगलं. पण ते शुगरही उतरवू शकतं, म्हणून ग्लिमेपिराइडबरोबर सुरू करायचं तर डॉक्टरांच्या कानावर घालून.

प्राजक्ता_चिपळूण
मीनलताई, दत्तादादा, सुनीलदादा, मनापासून आभार. पुड्या टाकून दिल्या. भावाने आणलेल्या डबीवर गुडमारबरोबर गुळवेल, विजयसार, दारुहळद असंही लिहिलंय. गुळवेल तर चांगली ना? आणि आई आता विजयसारचा लाकडी पेला मागते आहे.

वैद्य_मीनल
गुळवेल मीही वापरते, पण महिनोन्महिने स्वतःच्या मनाने नाही. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाचं म्हणणं असं की दिसायला सारखी दुसरी वेल वापरली गेली असेल. वाद काही असो, आईला यकृताचा किंवा थायरॉइडसारखा प्रतिकारशक्तीशी जोडलेला आजार असेल तर ती डबी नकोच. नसेल तरी आधी यकृताची तपासणी करून घे आणि दीड-दोन महिन्यांनी पुन्हा.

विजयसार म्हणजे आपला बिबळा. रात्री पेल्यात पाणी ठेवलं की सकाळी ते तपकिरी होतं. या झाडावर आपल्याकडे संशोधन झालंय, पण ते मोजून-मापून दिलेल्या अर्कावर. पेल्यातून पाण्यात किती उतरतं ते लाकडावर अवलंबून. पैसे त्यात घालण्यापेक्षा मीटरच्या पट्ट्या घे.

आणि आईला एक सांगून बघ. मेटफॉर्मिनचं मूळही झाडातच आहे. युरोपात जांभळ्या फुलांची गॅलेगा नावाची वनस्पती जुन्या काळापासून औषधात होती. तिच्यातल्या द्रव्याच्या अभ्यासातून या गोळीची वाट निघाली आणि १९५७ मध्ये पॅरिसचे डॉ. जाँ स्टर्न यांनी ती रुग्णांवर वापरल्याचं प्रसिद्ध केलं. माझ्या कितीतरी रुग्णांचा अडेलपणा हे ऐकून गेलाय.

अनघा_कोथरूड
सप्लिमेंटचा विषय निघालाय म्हणून विचारते, आईंची बी-१२ जीवनसत्त्वाची तपासणी झालीये का? मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतली की बी-१२ कमी होऊ शकतं, त्यात शाकाहारी असतील तर जास्तच. माझ्या सासूबाईंच्या तळपायाला मुंग्या यायच्या, सगळे म्हणायचे शुगरच्या. रक्त तपासलं तर बी-१२ पार तळाला. इंजेक्शनं घेतल्यावर खूप आराम पडला.

दत्ता_औषधवाले
अनघाताईंचं अगदी बरोबर. क्रोमियमच्या गोळ्या आणि दालचिनीच्या कॅप्सूल लोक हौसेने नेतात, पण बी-१२ तपासत नाहीत. दालचिनी म्हणून आपल्या बाजारात बहुतेक जाड सालीचा कॅशिया मिळतो. त्यातलं कुमारिन रोज चमचा-चमचा पोटात गेलं तर यकृताला त्रासदायक. मसाल्यात टाकता तेवढी ठीक.

प्राजक्ता_चिपळूण
बी-१२ कधीच तपासलेलं नाही, आणि आईच्याही पायाला मुंग्या येतात. उद्याच रक्त देतो. तिसऱ्या गोळीला ती तयार झालीये, "मेथी बंद करणार नसाल तर" या अटीवर. मेथीचा उपयोग होतोय का हे मीटरवर कसं बघायचं?

दत्ता_औषधवाले
मेथी आणि नवी गोळी एकदम सुरू करू नका, नाहीतर कशाने काय झालं कळणार नाही. आधी गोळी. ती अंगवळणी पडली की मग मेथी. उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची शुगर वहीत लिहा, त्या दिवशी काय जेवल्या तेही लिहा. ७० च्या खाली आकडा आला तर लगेच साखरपाणी आणि डॉक्टरांना फोन. आणि पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच घट्ट लावत जा. चिपळूणच्या पावसाळी हवेत पट्ट्या सादळतात आणि मग मीटर भलताच आकडा दाखवतं.