आजोळ ग्रुप : रिमोटच्या विमानांत पहिलं लो-विंग कोणतं घ्यावं?

शुक्रवार

मी: मामा, ट्रेनरवर, म्हणजे वर पंख असलेल्या शिकाऊ विमानावर, काल ४० उड्डाणं पूर्ण झाली. रविवारी वारा होता तरी तिन्ही वेळा पट्टीवरच उतरवलं. आता खाली पंख असलेलं विमान, म्हणजे लो-विंग, घ्यायचं डोक्यात आहे. १२०० मिलिमीटर पंखाचं स्पिटफायर, ते महायुद्धातलं लढाऊ विमान, बघून ठेवलंय. घेऊ का?

मामा: अगं वा! वाऱ्यात तीन लँडिंग म्हणजे हात बसला तुझा. पण स्पिटफायर आत्ता नको.

मी: का पण? आता जायरो मिळतो ना त्यात, आपोआप सरळ होतं म्हणे.

मामा: दुकानात गिऱ्हाईक आहे. रात्री जेवण झाल्यावर नीट लिहितो.

आई: स्पिटफायर म्हणजे तेच ना रे, वाड्यावर माळ्याला अर्धं लटकवलेलं?

मामा: हो ताई, तेच.

मामा: आता लिहितो. माळ्यावरचं ते विमान मी ट्रेनरनंतर लगेच केलं होतं. बाल्साचं, चार महिने रात्री जागून. पंख १२०० चाच, क्षेत्रफळ २४ चौरस डेसिमीटर आणि वजन झालं १६०० ग्रॅम. म्हणजे दर चौरस डेसिमीटरला ६६-६७ ग्रॅम. तुझ्या ट्रेनरचं काढून बघ, ४० च्या आसपास येईल. विमान निवडताना रंगरूपाच्या आधी हा आकडा काढायचा असतो, ते मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.
पहिलं उड्डाण सुरेख झालं. दुसऱ्यांदा उतरवायला आणलं. शेवटच्या वळणात विमान पट्टी ओलांडून पलीकडे जातंय असं वाटलं म्हणून मी वळण आवळलं. वेग आधीच कमी, त्यात एलिव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारी शेपटीची झडप, ओढला. आतल्या बाजूच्या पंखाचं टोक एकदम पडलं, विमान पाठीवर झालं आणि एक-दीड गिरकी घेऊन बांधावर आदळलं. उंची असेल ४०-५० फूट. तेवढ्यात सावरता येत नाही. उजवा पंख मुळापासून निघाला तो आवाज अजून कानात आहे.

दादा: पप्पा, मला हे कधी सांगितलं नाहीत.

मामा: तू दोन वर्षांचा होतास रे.
आता कारण सांगतो. विमान वळणात ६० अंश झुकलं की पंखावर दुप्पट भार येतो आणि स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमान उचलून धरत नाही तो, १.४ पट होतो. सरळ उडताना ताशी ३० किलोमीटरला पडणारं विमान तशा वळणात ४२ लाच पडतं. ट्रेनर हलका असतो, पंख जाड असतो, म्हणून तो हे सगळं पोटात घालतो. मोठ्या स्पिटफायरच्या पंखाला टोकाकडे पीळ दिलेला होता, त्यामुळे मुळाशी आधी स्टॉल होऊन वैमानिकाला थरथर जाणवायची. आपल्या मॉडेलमध्ये टोकाची रुंदी इतकी कमी होते की हवा तिथे आधी सुटते, आणि आपण लांब उभे, हाताला थरथर कुठून जाणवणार?
जायरोचं म्हणशील तर तो झुकलेलं विमान सरळ करतो हे खरं. पण पंखाखालून वेगच गेला असेल तर त्याच्याही हातात काही राहत नाही. उलट तो आधीचे सगळे इशारे झाकतो.

मी: मग लो-विंगच नको का एवढ्यात?

आजोबा: नको कशाला? हवाई दलातली नवीन पोरं आधी एचटी-२ वर शिकली, पुढे एचपीटी-३२ वर. दोन्ही लो-विंग. एचटी-२ चं आराखड्याचं काम डॉ. वि. मा. घाटगे यांच्या नेतृत्वाखाली झालं, आपल्या मराठी माणसाच्या. जर्मनीत गॉटिंगेनला, हवेच्या शास्त्रातले मोठे नाव असलेल्या प्रांटल यांच्याकडे डॉक्टरेट केलेले. १९५१ साली ते विमान उडालं. आता ओझरच्या विमान कारखान्यात एचटीटी-४० ची जोडणी सुरू झाली आहे, तेही लो-विंग आणि तेही शिकाऊंसाठीच. मी मिग-२१ वर होतो तेव्हा ओझरला शिकाऊ विमान बनेल असं वाटलं नव्हतं. पंख खाली असला म्हणून विमान अवघड होत नाही. पंख कसा आहे ते बघ.

मी: आजोबा, पण पंख वर असला की विमान लोलकासारखं आपोआप सरळ होतं म्हणतात ना?

आजोबा: लोलकाचं सगळे सांगतात, पण ते अर्धवट आहे. विमान एका बाजूला झुकलं की त्या बाजूला थोडं घसरतं. म्हणजे वारा बाजूने धडावर येतो. धड मध्ये आडवं आलं की वारा त्याच्या वरून आणि खालून वाट काढतो. पंख वर असेल तर ज्या बाजूला घसरतंय त्या बाजूच्या पंखाच्या मुळाशी वारा खालून वर चढतो, तो पंख उचलतो आणि विमान सरळ होतं. पंख खाली असेल तर त्याच जागी वारा वरून खाली उतरतो, पंख आणखी दबतो. म्हणून लो-विंगला पंखांची टोकं जास्त वर उचलावी लागतात. तो कोन आपण डायहेड्रल म्हणतो. कागदावर समोरून विमान काढून बाणाने वारा दाखव, लगेच कळेल.

मी: काढलं. कळलं! एवढं सोपं कुणीच सांगितलं नव्हतं.

मावशी: आजोबा, तुम्ही शिकवणी सुरू करा.

मामा: अण्णांनी मला हे १५ वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर...
पण तेव्हा मी विचारलंच नव्हतं.

शनिवार

दादा: मी म्हणतो तिने सरळ फोमचं टी-२८ ट्रोजन घ्यावं, ११०० चं. डायहेड्रल डोळ्यांनी दिसतो एवढा आहे, पुढे नाकाखाली चाक आहे. दिसायलाही लढाऊ विमानासारखंच दिसतं, तिचं मन राहील.

मामा: ट्रोजनला माझी हरकत नाही. पहिलं लो-विंग म्हणून जगभर लोक तेच सुचवतात आणि बरोबर सुचवतात. अडचण आपल्या रानाची आहे. ११०० च्या विमानाची चाकं लहान. आपण उडवतो तिकडे मुरूम, त्यात बैलगाडीची चाकोरी. पुढचं चाक एका खड्ड्यात गेलं की नाकाकडचा पाय मागे दुमडतो, फोम फाटतो.

मी: मग हाताने फेकू. ट्रेनर तर मी नेहमी हातानेच सोडते.

मामा: इथेच लोक फसतात. ट्रेनर तू पोटाखाली धरतेस. लो-विंगच्या पोटाखाली पंखच असतो, धरायला जागाच नाही. मागून धरून फेकलं तर नाक वर जातं आणि तिथेच स्टॉल. मी तिघांना असं विमान पायाशी पाडताना बघितलंय. त्यामुळे आधी पट्टी ठरव, मग विमान.

आई: पट्टी कुठे? मागच्या वेळी विमान द्राक्षबागेत गेलं होतं. वरच्या तारांत अडकलं, खाली काढताना तिचा हात कापला. बागवाला भला माणूस म्हणून काही बोलला नाही. पण घडाची वेळ होती.

मामा: ताई, बागेच्या बाजूला आता जायचंच नाही. सिन्नरच्या पुढे आपलं सोयाबीनचं रान आता मोकळं झालंय, तिकडे जाऊ. नाशिक रोडला गांधीनगरची हेलिकॉप्टरं, इकडे ओझरचा विमानतळ, त्यामुळे शहराच्या जवळ मला नकोच. डिजिटल स्कायच्या, म्हणजे ड्रोन कुठे उडवता येतं ते दाखवणाऱ्या सरकारी नकाशात ते रान हिरव्या पट्ट्यात आहे, मी तपासलंय. तिथे ४०० फुटांच्या वर जायचं नाही.

दादा: ट्रॅक्टरने फळी ओढून ६० मीटर पट्टी करता येईल. रविवारी करतो.

मी: मग विमान कोणतं??

मामा: माझ्या मनातलं सांगतो. आपण करू. बायोफोमच्या हलक्या शीटचं. पंख मुळापासून टोकापर्यंत एकाच रुंदीचा, निमुळता अजिबात नाही. लांबी १४००, रुंदी २४०. म्हणजे ३३.६ चौरस डेसिमीटर. वजन १४०० ग्रॅमच्या आत ठेवायचं, म्हणजे ४२ च्या खाली. तुझ्या ट्रेनरच्या जवळच आलो बघ. जाडी ३६ मिलिमीटर, वरून जास्त फुगीर आणि खालूनही थोडी. दोन्ही बाजूंना तीन-तीन अंश डायहेड्रल. चाकं मोठी, तीन इंची. बाल्साच्या किटमध्ये सिग कंपनीचं फोर-स्टार याच विचाराचं आहे, एकाच रुंदीचा पंख. लोकांनी त्यावर वर्षानुवर्षं हात बसवले.

मी: दिसायला ठोकळा दिसेल ना पण?

मामा: दिसेल थोडा. पण वळणात असं सहजी पडणार नाही. आणि तू १०० उड्डाणं कर त्यावर, स्पिटफायर मी स्वतः आणून देईन. शब्द देतो.

मावशी: स्क्रीनशॉट काढलाय मी याचा!

मी: पक्कं. बॅटरी ट्रेनरचीच चालेल?

मामा: हो, २२०० एमएएचची तीन सेलची. मात्र टायमर पाच मिनिटांवर लाव. ट्रेनरवर तू आठ मिनिटं उडतेस, इथे उतरताना एकदा तरी वर उचलून पुन्हा फेरी मारावी लागणार, तेवढी बॅटरी हवी. लँडिंगलाही सवय बदल. ट्रेनरचा थ्रॉटल, म्हणजे मोटरची ताकद, तू बंद करतेस आणि ते तरंगत येतं. याला शेवटपर्यंत थोडा थ्रॉटल ठेव. जमिनीपासून हात-दोन हातावर आलं की पंखाखालची हवा त्याला खाली बसू देत नाही, ते लांब सरकत राहील. तेव्हा घाबरून एलिव्हेटर खाली ढकलू नकोस. धरून ठेव, आपोआप बसेल.
एक्स्पो ३० टक्के, म्हणजे रिमोटची काठी मधल्या भागात मऊ राहते. एलरॉन, म्हणजे विमान झुकवणाऱ्या पंखावरच्या झडपा, कमी रेटवर, म्हणजे कमी हलतील अशा. गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून ६० मिलिमीटरवर. नंतर हवं तर ७० पर्यंत मागे नेऊ, पहिल्या दिवशी ६० लाच.

दादा: आणि एलरॉनची वायर! लो-विंगमध्ये पंख काढल्याशिवाय आत हात जात नाही. रानात पंख जोडताना दोन्ही एलरॉनच्या वायरी मी अदलाबदल केल्या होत्या. उजवीकडे काठी, विमान डावीकडे. तीन सेकंदांत संपलं. तेव्हापासून पिनांना लाल आणि पांढरी टेप लावतो आणि प्रत्येक वेळी मोठ्याने म्हणतो, “काठी उजवीकडे, उजवा एलरॉन वर.”

मी: मीपण म्हणेन. मोठ्याने.

मामा: म्हणच. आणि तोपर्यंत ट्रेनर सोडू नकोस. त्याच्यावर भरपूर उंचीवर जा, थ्रॉटल बंद कर, एलिव्हेटर हळूहळू ओढ आणि तो कधी पडतो ते बघ. दहा वेळा बघ. मग वळणात बघ. इंग्रजी आठचा आकडा दोन्ही दिशांनी. डावीकडे तुझं वळण छान होतं, उजवीकडे नाक खाली जातं, मी रविवारी पाहिलंय.

मी: हो, मलाही जाणवतं ते. या आठवड्यात उजवीकडचंच करते.

आजोबा: शीट कधी आणताय?

मामा: बुधवारी येतील अण्णा. कार्बनची नळी माझ्याकडे पडून आहे. गुरुवारी रात्री कापायला बसू, वाड्यावर.

आजोबा: मग पंखाची खालची बाजू माझ्याकडे ठेवा. वरून पिवळा आणि खालून रुंद काळे पट्टे हवेत. संध्याकाळी आभाळ फिकं झालं की वरची बाजू कोणती नि खालची कोणती ते कळत नाही, आणि पोर घाबरते. पट्टे सरळ यायला हवेत, मास्किंग टेप मी आणतो. ब्रश धुऊन ठेवलाय.

मी: आजोबा, गुरुवारी कॉलेज सुटलं की थेट येते.

आई: सगळे जेवायला थांबा मग. पिठलं-भाकरी करते.