पोलीस भरतीच्या ग्राउंडआधी 'बीपीचं इंजेक्शन', चूक कुणाची?

कृष्णाकाठचा: विश्रामबागला आमच्यात पळणाऱ्या एका पोरानं परवा सरावाआधी मेफेंटरमाईन मारलं. १६०० मीटर पळून आला तरी गडी थांबंना, आणि मग रात्रभर झोप नाही, जबडा आवळलेला, पहाटे ३ ला मला फोन, म्हणे दारात कोणतरी उभंय. कोण नव्हतं. भूल दिल्यावर बीपी पडलं तर डॉक्टर देतात ते औषध, जिमच्या बॅगेत येतंच कसं? असल्याला सरळ ग्राउंडवरनं बाहेर काढा.

तासगावचा गडी: लगेच बाहेर काढा! तुमचा सकाळचा चहा चुकला की डोकं धरता ते काय मग? प्रीवर्कआऊटच्या, म्हणजे व्यायामाआधी घ्यायच्या पावडरीच्या, एका स्कूपात दोन-अडीचशे मिलिग्रॅम कॅफिन असतंय, दुकानात उघड मिळतं. पळण्याच्या २० मार्कांसाठी पोरगं वर्षभर अंधारात उठून उसाच्या कडंनं पळतंय, त्याला एसीत बसून अक्कल शिकवू नका.

मिरजेची सिस्टर: दादा, चहाशी तुलना नको. दिवसभर मेंदूत अडेनोसिन साठतं म्हणून थकवा जाणवतो, कॅफिन त्याच्या जागेवर रुमाल टाकून बसतं, एसटीत टाकतो तसा. मेफेंटरमाईनचं काम वेगळं, ते नसांच्या टोकाला साठलेलं नॉरअॅड्रेनालिन, शरीराला जोर चढवणारं रसायन, बाहेर ढकलतं, म्हणून बीपी चढतं, छाती धडधडते. साठा उतरला की तेवढ्याच डोसनं काही होत नाही, मग पोरं वाढवत जातात. आम्ही ऑपरेशन थिएटरात देतो तेव्हा मॉनिटर लावलेला असतो. आणि दारात माणूस दिसणं साधं नाही हो, यातनंच संशयाचं वेड लागतं.

साताऱ्याचा पळणारा: यवतेश्वरचा घाट चढताना पाय बोलायला लागतात तेव्हा मी चालतो, लाज कसली त्यात. १९६७ ला टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत टॉम सिम्पसन हा सायकलपटू मों व्हांतू डोंगराच्या चढावर कोसळून गेला, अंगात अॅम्फेटामिन हे उत्तेजक सापडलं, वरनं ब्रँडी आणि कडक ऊन. शरीर थांब म्हणत असणार, त्याला ऐकूच गेलं नाही.

तासगावचा गडी: बरं सिस्टर, चहाचं मागं घेतो. पण विकणाऱ्याला कोण काढणार बाहेर? चिठ्ठीशिवाय बाटली देणारा मोकळा आणि पोराचं वय निघून जाणार, हे मला अजून पटत नाही.

कृष्णाकाठचा: ते राहू दे, त्याच्या घरी सांगू का नको ते बोला. आई त्याची रोज आमच्याकडं दूध घालायला येते, आज विचारत होती, पोरगं जेवत का नाही म्हणून.