मदत हवी आहे: एक्झिमाच्या क्लिनिकल ट्रायलमध्ये बहिणीने भाग घ्यावा का?

माझ्या धाकट्या बहिणीला लहानपणापासून अ‍ॅटोपिक डर्माटायटिस, म्हणजे एक्झिमाचा एक प्रकार, आहे. कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या लवणीतली कातडी जाड, काळपट झालीये. झोपेत खाजवते, सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके असतात. स्टिरॉइडची मलमं, सायक्लोस्पोरिन, सगळं करून झालं. आता डॉक्टरांनी एका नव्या इंजेक्शनच्या फेज 3 ट्रायलबद्दल (मंजुरीआधीची मोठी चाचणी) विचारलंय.

संमतीपत्र नीट वाचलं. ट्रायल डबल-ब्लाइंड आहे, म्हणजे औषध मिळतंय की प्लासिबो (औषध नसलेलं, दिसायला तसंच इंजेक्शन) हे तिलाही कळणार नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनाही. ते मला पटतं. हा आजार आपोआपही कमी-जास्त होतो, तुलनेशिवाय गुण ओळखणार कसा? 2017 साली अमेरिकेत मंजूर झालेलं याच आजारावरचं इंजेक्शन ड्युपिलुमॅबही अशाच चाचण्यांतून आलं.

माझा जीव अडकलाय तो वॉशआउटमध्ये. ट्रायलआधी काही काळ चालू औषधं बंद ठेवायची आहेत. तेव्हा आजार उसळला तर? पुढे गरज पडल्यास 'रेस्क्यू' म्हणून स्टिरॉइड देतील असं लिहिलंय, पण ते घेतलं की ट्रायलमधून बाहेर काढतात का? शिवाय यश मोजणार ईएएसआय-75 ने, म्हणजे त्वचेवरची लक्षणं 75 टक्के कमी झाली का यावर. खाज आणि झोप वेगळी नोंदवतात ना? तिचे खरे हाल तर तिथेच आहेत.

ज्यांनी स्वतः भाग घेतलाय किंवा जे अशा संशोधनात काम करतात, त्यांनी कृपया सांगा. गुण आला तर ट्रायल संपल्यावर औषध पुढे मिळत राहतं का, हेही. पुढच्या तपासणीला तिला होकार किंवा नकार कळवायचाय.