क्षेपणास्त्र पाडायचा हुकूम कोण देतं, माणूस की संगणक?

पंक्या_सांगलीकर: मे २०२५ पासून जिथेतिथे 'आकाशतीर' या हवाई संरक्षणाच्या संगणक यंत्रणेचं कौतुक वाचतोय. मित्र म्हणतो, आता सगळं आपोआप होतं, माणसं नुसती चहा पीत बसतात. खरंय का?

जुना_रडारवाला: चहा मिळायचा, पण गरम कधीच नाही! वायुदलात रडारवर बरीच वर्षं काढली. गोपनीय काही विचारू नका, उघड आहे तेवढं सांगतो.

आकाशतीर भूदलाचं, तशीच यंत्रणा आयएसीसीएस हवाई दलाचं, आणि दोन्ही एकमेकांना जोडलेली. वेगवेगळ्या रडारांना दिसलेलं एकाच पडद्यावर आणायचं हे त्यांचं काम. तीन रडारांनी पकडलेले तीन ठिपके म्हणजे एकच विमान की तीन, इथेच निम्मी डोकेदुखी.

पुढचा भाग हुकमाचा, म्हणजे डागायची मुभा किती ते. 'होल्ड' असेल तर वरून आदेश आल्याशिवाय किंवा स्वतःवर हल्ला झाल्याशिवाय डागायचं नाही. 'टाइट' असेल तर शत्रू म्हणून ओळख पटली तरच. 'फ्री' म्हणजे आपलं आहे अशी ओळख पटली नाही, की डागा.

ओळख चुकली की काय होतं ते २७ फेब्रुवारी २०१९ ला काश्मीरमध्ये बडगामला दिसलं. आपल्याच क्षेपणास्त्राने आपलंच एमआय-१७ हेलिकॉप्टर पडलं. आतले सहाजण गेले, खाली एक नागरिक गेला. त्या सहांत एक वैमानिक आपल्या नाशिकचा. त्याबद्दल जास्त लिहवत नाही.

खट्याळ_खारूताई: मग माणूसच चुकतो ना काका? सोपवा की मशीनवर.

जुना_रडारवाला: धहरान वाच, बाई. सौदी अरेबिया, २५ फेब्रुवारी १९९१. पॅट्रियट म्हणजे क्षेपणास्त्रं पाडणारी अमेरिकी यंत्रणा; तिची बॅटरी, म्हणजे रडार आणि लाँचरांची तुकडी, सलग शंभरेक तास चालू होती. सेकंदाचा दहावा भाग संगणकाच्या शून्य-एकच्या द्विमान पद्धतीत पुरता मावत नाही, त्यामुळे दर वेळी आकड्याचं शेपूट कापलं जायचं. साचत साचत वेळेचा हिशेब सेकंदाच्या एक तृतीयांशाने चुकला. तेवढ्यात इराकचं स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे जातं. यंत्र भलत्याच जागी बघत राहिलं, पॅट्रियटचं एकही क्षेपणास्त्र सुटलं नाही, आणि बराकीत २८ अमेरिकन सैनिक मेले.

पंक्या_सांगलीकर: बंद करून चालू केलं असतं तर?

जुना_रडारवाला: भागलं असतं. इस्रायलींनी दोन आठवडे आधीच हा दोष दाखवला होता. २१ तारखेला बॅटऱ्यांना संदेशही गेला, की यंत्र फार वेळ सलग चालवलं तर नेम सरकू शकतो. 'फार वेळ' म्हणजे किती तास, ते मात्र त्यात नव्हतं. दुरुस्त सॉफ्टवेअर धहरानला पोचलं २६ तारखेला.