स्टाँगचं शेत: जपायचं की मोडायचं? (टोरांटोकरांनी जरूर लिहा)

पाटाचंपाणी
टोरांटोत ब्लॅक क्रीक ओढ्याकाठी, स्टाँग कुटुंबाच्या शेतावर, जुन्या खेड्याचं संग्रहालय आहे. त्याबद्दल परवा एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं, "ब्लॅक क्रीकचं जुनं खेडं म्हणजे टोपडी घातलेल्या बायकांचा तमाशा. लाटलेली जमीन तिकीट लावून दाखवतात. मोडा ते शेत आणि परवडणारी घरं बांधा." दोन दिवस डोक्यात घोळतंय, म्हणून सविस्तर.

डॅनियल आणि एलिझाबेथ स्टाँग यांनी रान तोडून या भागातलं पहिलं शेत काढलं. त्यांचं १८१६ चं ओंडक्यांचं घर, १८३२ चं मोठं घर, दोन्ही मूळ जागी उभी आहेत. माझे वडील जतचे शेतकरी. इथे आले तेव्हा सीएन टॉवरपाशी जांभया देत होते. या खेड्यातल्या कोठारात शिरले आणि दोन तास बाहेर येईनात. मधोमध फळ्यांचं खळं, समोरासमोर मोठी दारं. "उपणायला वारा आरपार पाहिजे, म्हणून," हे त्यांनी मला सांगितलं. पाटी न वाचता; इंग्रजी येतच नाही त्यांना. "आपण खळ्यातल्या तिवड्याच्या खांबाभोवती बैल फिरवतो, हे लोक काठीला काठी बांधून झोडपतात." हा तमाशा?

हंबरकाठ
ते मीच लिहिलंय, नाव घ्यायला लाजता कशाला? स्टाँगच्या इमारती सोडल्या तर 'मूळ जागी' असं कितीसं आहे? रोब्लिनची पाणचक्की अमेलियासबर्गहून आणलेली, हाफवे हाऊस स्कारबरोकडचं. १९६० साली मांडलेली भातुकली! आणि १८०५ च्या करारात टोरांटोच्या अडीच लाख एकरांचे मिसिसॉगा या इथल्या मूळ रहिवाशांना दिले दहा शिलिंग. त्याच जमिनीच्या भरपाईपोटी सरकारने २०१० मध्ये त्यांना साडेचौदा कोटी डॉलर मोजले ते काय हौस म्हणून? मी अकरा वर्षं शेजारच्याच जेन-फिंच वस्तीत तळघराचं भाडं भरतोय. कोठारातल्या वाऱ्याचं कौतुक तुम्हालाच लखलाभ.

गव्हाची_ताई
पाणचक्कीवरून आठवलं. तिथलं दगडावर दळलेलं पीठ एकदा हौसेने आणलं होतं. पोळ्या इतक्या चिवट की ह्यांनी ताटात कात्री मागितली.

ब्रॅम्प्टनचा_पाटील
ताई, पीठ निर्दोष आहे. इथला लाल कडक गहू पावाचा. कणीक सैल भिजवून तासभर झाकून ठेवायची.

गव्हाची_ताई
चाळीस वर्षं पोळ्या लाटतेय. कणीक मला शिकवू नका.

ब्रॅम्प्टनचा_पाटील
शिकवत नाही हो, पण कात्री आमच्याकडे लागत नाही एवढंच सांगितलं.

सदूभाऊ_गुहागर
इथे ओंडकेसुद्धा जपतात. आमच्या घराच्या सातबाऱ्यावर सतरा नावं. कौलं बदलायची तर मुंबईचे दोघे सही देत नाहीत, पुण्याची आत्या फोन घेत नाही. मागच्या पावसात माजघराची भिंत बसली. आणि हे म्हणे मोडा!

पाटाचंपाणी
सदूभाऊ, तुमच्यासाठी वेगळा धागा काढा. हंबरकाठ, १९५४ चं हेझल वादळ माहीत आहे ना? ओंटारिओत ८१ माणसं गेली. त्यानंतरच इथल्या नदी-ओढ्यांकाठच्या जमिनी नदीखोरं प्राधिकरणाने बांधकामापासून राखल्या. ओढ्याशेजारी घरं बांधा म्हणणं सोपं आहे.

हंबरकाठ
वा! गरिबाचं घर वाहून जाईल, पण पर्यटकांचं वाहनतळ टिकेल. आलं लक्षात.

कणीस
दोघंही चुकताय. 'पहिलं शेत' म्हणे! ब्लॅक क्रीकच्याच काठाला, फिंच रस्त्याजवळ, 'पार्सन्स' नावाच्या उत्खननाच्या जागी पंधराव्या शतकातलं वेंडात या मूळ रहिवाशांचं गाव सापडलंय. लांबघरं होती, मका, घेवडा, भोपळा एकत्र पिकायचा, आणि शेती बायका करायच्या. स्टाँगच्या आधी निदान तीनशे वर्षं! घरं मोडू नका, पण त्या कोठारापुढे मक्याचं शेत धरा, आणि कथा तिथून सुरू करा.

पाटाचंपाणी
'पहिलं' शब्द मागे घेतो. झालं समाधान?

हंबरकाठ
मीही 'तमाशा' मागे घेतो. लोकनाट्य म्हणा.

ब्रॅम्प्टनचा_पाटील
ताई, उरलेल्या पिठाचं काय केलंत शेवटी?

गव्हाची_ताई
विचारलंत ते बरं. ज्वारी आणि थोडं बेसन घालून थालीपीठं लावली. एका बैठकीत संपली.

हंबरकाठ
ताई, ज्वारी किती आणि ते पीठ किती?