छोटा हत्तीत सुपर एसचं इंजिन: बसवावं की नाही?

घाटकरी: माझी टाटा एस, म्हणजे छोटा हत्ती, जुनी, 702 सीसी, दोन सिलिंडर, 16 अश्वशक्ती. नारायणगावचा टोमॅटो कल्याणला टाकतो. माळशेज चढताना गाडी रडते, मागे ही रांग! भंगारात टाटाच्याच मोठ्या सुपर एसचं 1405 सीसी टर्बो इंजिन गिअरबॉक्ससकट मिळतंय, 70 अश्वशक्तीचं. छोटा हत्तीचं इंजिन मुळात इंडिकाचं 1405 अर्धं करूनच बनवलेलं, म्हणजे घरातलंच. मी म्हणतो, बसवावं. नव्या गाडीचे हप्ते कोण भरणार?

पाना_पक्कड: घरातलं असलं तरी दोन सिलिंडर वाढले की लांबी वाढते. गिअरबॉक्स मागे सरकणार, चासीचा आडवा क्रॉसमेंबर कापणार, मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट आखूड करून बॅलन्स करावा लागणार. सीटखाली टर्बोची उष्णता वेगळीच. आणि टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, तिपटीहून जास्त! भरल्या गाडीत पहिल्या गिअरवर क्लच सोडलास की मागच्या ॲक्सलमधल्या क्राऊन गिअरचे दात आधी जातील. मग ॲक्सलचं हाऊजिंग सुपर एसचं, मग 12 इंची चाकं काढून 14 इंची, मग ब्रेक, मग पाटे. शेवटी दारात सुपर एसच उभी राहील, आरसी मात्र छोटा हत्तीची.

रानवारा: ते खरं, पण घाटात सायकलच्या वेगाने चढणारी गाडीही धोक्याचीच. आंधळ्या वळणावर मागचे ओव्हरटेक मारतात ते उगाच? घाटकरी, काम नीट होणार असेल तर कर.

हिशेबनीस: आणि पासिंग? मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचा. त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन आरटीओच्या मंजुरीने बदलता येतं. दोन्ही टाटाची म्हणून प्रकार एक होत नाही. सुप्रीम कोर्टानेही जानेवारी 2019 मध्ये सांगितलंय, कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार नको. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी आधी इंजिन नंबर बघेल.

घाटकरी: आमच्याकडे निम्म्या गाड्यांत काही ना काही बदललेलं आहे. कोण बघतं?

पाना_पक्कड: एक कळेना. टोमॅटो भरून तू माळशेज उतरतोस. चढताना तर रिकामे क्रेट. मग रडते कशाने?

घाटकरी: रिकामी कशाला आणू? येताना किराणा भरतो.

पाना_पक्कड: किती?

घाटकरी: सव्वा टन. कधी दीड.

हिशेबनीस: अहो, कागदावर पाऊण टन आहे!

घाटकरी: पाऊण टनात डिझेल तरी सुटतं का?